आमचा पंप, पेल्टनचे चाक आणि कोयनेचे पाणी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली बाई. चार माणसांत उभे राहून बोलायची मला सवय नाही. हळदीकुंकवाला गाणे म्हण म्हटले तरी मी पाटामागे लपते. पण यंदा आपल्या चिटणीस बाईंनी ‘घरातील वीज’ हा विषय ठरवला आणि बोलायला मलाच उभे केले. मलाच कां, ते तुमच्यापैकी पुष्कळजणींना ठाऊक आहे. ज्यांना ठाऊक नाही त्यांना मीच सांगते, म्हणजे मागच्या रांगेत कुजबुज नको. गेल्या वर्षी आमच्या मागच्या बिऱ्हाडातल्या मुलीवर मी विजेच्या बिलावरून आळ घेतला, आणि तो साफ खोटा निघाला.

झाले असे. आमच्या घराला मीटर एकच. मागच्या दोन खोल्यांत नवराबायको आणि त्यांचे तान्हे मूल असे बिऱ्हाड आले. विजेचे म्हणून ते दरमहा ठराविक पैसे देत. बाळाच्या अंघोळीसाठी त्यांनी लहानसा गीझर बसवला, आणि त्याचे जास्तीचे पैसे देऊ असे त्या मुलीने आपण होऊन सांगितले. पुढे आमचे बिल वाढत गेले. जिथे दीडशेच्या आतबाहेर युनिटे यायची तिथे दोनशे वीस आली. यांनी बिल माझ्या हातात दिले आणि काही न बोलता पेपर उघडला. यांचे न बोलणे मला बोलण्याहून लागते. मी तशीच मागे गेले आणि त्या मुलीला दारात उभे करून बोलले. “रात्रंदिवस गीझर चालतो वाटतं,” म्हणाले. “दुसऱ्याच्या मीटरवर मजा करायला काय जातं,” असेही म्हणाले. ती काहीच बोलली नाही. बाळ कडेवर होते, त्याच्या पाठीवरून हात फिरवीत उभी राहिली. संध्याकाळी ते आंघोळीचे पाणी चुलीवर तापवताहेत हे मला धुरावरून कळले. त्या वेळी मला बरेच वाटले, हेही कबूल करते.

आमची थोरली पॉलिटेक्निकला विद्युत शाखेत शिकते. ती सुट्टीला घरी आली आणि तिने हा सगळा प्रकार ऐकला. म्हणाली, “आई, तू मोजलंस कां?” मी म्हटले, “बिलावर आकडा आहे की.” ती म्हणाली, “बिलावर बेरीज आहे. कुणी किती खाल्लं ते कुठे आहे?”

मग तिने मला आणि त्या मुलीला, दोघींना मीटरपाशी उभे केले. आमची तोंडे एकमेकींकडे नव्हती. मीटरवर एक तांबडा ठिपका लुकलुकतो, तो तुम्ही सगळ्यांनी पाहिला असेल. पण त्याच्या शेजारी बारीक अक्षरात काय लिहिले आहे ते किती जणींनी वाचले आहे? आमच्या मीटरवर लिहिले आहे ३२००. म्हणजे तो ठिपका ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट झाले. तुमच्या मीटरवर आकडा निराळा असू शकेल, तो पाहून घ्यावा. थोरलीने दोन्ही घरांतली सगळी बटणे बंद केली. ठिपका थांबला. मग एकेक वस्तू लावायची, मी घड्याळ धरायचे आणि त्या मुलीने ठिपके मोजायचे, असे चालले.

बैठकीतला जुना छताचा पंखा लावला, मिनिटाला चार ठिपके. न्हाणीतला जुन्या पद्धतीचा साठचा दिवा, तीन. नवा एलईडी नऊचा दिवा, दोन मिनिटे झाली तेव्हा कुठे एक! इस्त्री लावली तर मिनिटाला पन्नासाच्या वर, मोजता मोजता जीभ अडखळायला लागली. मग तिचा गीझर लावला. मिनिटाला शंभरावर सात. माझ्या मनात आले, पाहा, सापडली चोरी. पण थोरली म्हणाली, “किती वेळ लावता?” ती मुलगी म्हणाली, “बाळापुरता, पंधरा मिनिटं.” शंभरावर सात गुणिले पंधरा म्हणजे सोळाशे. सोळाशे म्हणजे अर्धे युनिट. महिन्याची पंधरा. वाढली होती सत्तर. मग बाकीची गेली कुठे?

शेवटी विहिरीवरचा पंप लावला. ठिपके मिनिटाला पन्नास. थोरलीने विचारले, “रोज किती वेळ चालतो?” मी म्हटले, “पाऊण तास.” ती म्हणाली, “चालू दे, पाहू.” आम्ही तिथेच बसलो. पाऊण तास झाला, टाकी भरेना. तास झाला, दीड झाला. अडीच तासांनी पाणी सांडले. पूर्वी मी चहा झाला की पंप लावायची आणि भाकऱ्या होईतो टाकी सांडायची. अलीकडे कपडे धुऊन, तुळशीला पाणी घालून, मग बंद करीत होते. रोज थोडे थोडे लांबत गेले आणि माझ्या ध्यानात आले नाही. बटण रोज मीच दाबत होते! रोज पावणेदोन तास जादा, महिन्याला पन्नासाच्या आसपास युनिटे, आणि आळ मात्र त्या लेकराच्या अंघोळीवर.

मिस्त्रीने पंप उघडला. आत एक चक्री असते, तिला ते इंपेलर म्हणतात. तिची पाती उंदराने कुरतडलेल्या भाकरीसारखी झाली होती. २०२१ च्या जुलैत आपल्या चिपळूणला जो पूर आला त्यात आमची विहीर गाळाने भरली होती. गाळ उपसला, पण बारीक वाळू राहिली, ती पाण्याबरोबर फिरून फिरून पाती खात बसली. मोटर पूर्वीइतकीच वीज खात होती, चक्री पूर्वीइतकीच फिरत होती, पण पाणी तिच्या हातून निसटत होते. हजाराच्या आत काम झाले. टाकी पुन्हा भाकऱ्यांच्या वेळात सांडू लागली.

ती झिजलेली चक्री थोरलीने टाकू दिली नाही. पाण्याने चाक फिरवणे आणि चाकाने पाणी फिरवणे हे एकाच शास्त्राचे दोन भाग आहेत, असे ती म्हणाली, आणि तिने मला पेल्टनची हकिगत सांगितली. ती मला फार आवडली म्हणून तुम्हाला सांगते.

अमेरिकेत लेस्टर पेल्टन नावाचा एक सुतार होता. जन्म १८२९ चा. सोने मिळेल या आशेने तो १८५० साली कॅलिफोर्नियात गेला. सोने काही त्याला मिळाले नाही, तो खाणीवर लाकडी चाके आणि यंत्रे दुरुस्त करीत राहिला. डोंगरावरून नळाने पाणी आणायचे, त्याची जोरदार धार चाकाच्या वाट्यांवर सोडायची आणि त्या फिरत्या चाकावर खाणीची यंत्रे चालवायची, अशी तिकडची रीत. एकदा एक चाक आसावर सरकले आणि धार वाटीच्या मधोमध पडायच्या ऐवजी कडेवर पडू लागली. मोडले म्हणून दुसऱ्याने चाक थांबवले असते. पेल्टनने पाहिले की चाक उलट जोरात फिरते आहे. कां, याचा त्याने ध्यास घेतला.

याचे कारण तुम्हाला उद्या सकाळी मोरीत पाहता येईल. नळ मोठा सोडा आणि त्याखाली ताटली धरा. पाणी आपटून चहूकडे उडते, जोर फुकट जातो. आता पळी धरा, पण धार तिच्या कडेला पडू द्या. पाणी आतल्या गोलाईवरून वळते आणि उलटे तुमच्या पदरावर येते. पाणी जेव्हा असे मागे वळते तेव्हा ते आपला सगळा जोर पळीला देऊन जाते. तुमच्या हाताला तो धक्का कळतो. पेल्टनने दोन वाट्या शेजारी शेजारी जोडल्या आणि मध्ये एक धारदार कणा ठेवला. पाण्याची धार कण्यावर दुभंगते, दोन्ही वाट्यांतून वळते आणि जोर संपल्यावर अलगद खाली पडते. त्याने वाट्यांचे कितीतरी आकार करून पाहिले. त्याच्या लहानशा चाकावर त्याच्या घरमालकिणीचे शिवणयंत्र चालत असे, असे सांगतात. खरे असेल तर घरमालकीण माझ्यापेक्षा बरी म्हणायची, बिऱ्हाडकरूवर विश्वास ठेवणारी. १८८० साली त्याला पेटंट मिळाले. १८८३ साली ग्रास व्हॅली गावी खाणवाल्यांनी चाकांची परीक्षा घेतली. पेल्टनच्या चाकाने पाण्याच्या जोरातला शेकडा ९०.२ भाग कामाला लावला. त्याच्या खालोखालचे चाक ७६.५ वर थांबले.

भगिनींनो, हे कॅलिफोर्नियाचे चाक आपल्यापासून लांब नाही. कुंभार्ली घाट उतरले की पोफळी. तिथे डोंगराच्या पोटात कोयनेचे वीजघर आहे, त्यातली चाके याच पेल्टनच्या पद्धतीची. कोयना खरी पूर्वेला वाहणारी नदी. तिचे पाणी धरणात अडवले, बोगद्याने सह्याद्रीच्या आरपार पश्चिमेला आणले आणि पावणेपाचशे मीटरच्या आसपास खाली सोडले. १९६२ साली तिथे पहिली वीज झाली. पुढे तेच पाणी कोळकेवाडीला अडवून पुन्हा वीज करतात, आणि मग ते आपल्या वाशिष्ठीला मिळते. सगळे टप्पे मिळून १९६० मेगावॉटची ही व्यवस्था आहे. यात कोळसा जळत नाही, धूर होत नाही.

थोरलीने मला एक हिशेब घालून दिला आहे. गच्चीवर आपण हजार लिटरची काळी टाकी ठेवतो ना, तेवढे पाणी पोफळीला वरून खाली पडले की तारांतली गळती वजा जाता तुमच्या घरी एक युनिट पोचते. टाकीला एक युनिट, साधा हिशेब. एक बादली पाणी अंघोळीजोगे तापवायला गीझर अर्धे युनिट घेतो, म्हणजे एक बादली ऊन व्हायला पाचशे लिटर पाणी सह्याद्रीवरून उडी घेते! आणि माझ्या पंपाने महिन्याला पन्नासाच्या आसपास टाक्या वाया घालवल्या. दुष्काळी मुलुखात सांगितले तर लोक मला मारायला उठतील.

कोणी म्हणेल, पाणी तर पावसाचे, दरसाल पडते. पडते, पण त्याच्यावर बंधन आहे. कृष्णा पाणी तंटा लवादाने १९७६ साली ठरवून दिले की वर्षाला ६७.५ अब्ज घनफूटच पाणी कोयनेतून पश्चिमेकडे वळवावे. बाकीच्या पाण्यावर खाली कृष्णाकाठच्या शेतांचा हक्क आहे. घरात मोजून आणलेल्या धान्यासारखे ते पाणी आहे.

आणि मला आणखी एक कारण आहे. माझ्या आईचे आजोळ कोयनेच्या खोऱ्यातले. धरण झाले तेव्हा ते गाव उठले. घर, शेत, देऊळ, सगळे पाण्याखाली गेले आणि माणसे पांगली. माझी पणजी मी पाहिलेली नाही, पण आजीला पाहिले आहे. त्यांच्या नव्या वस्तीत वीज यायला कित्येक वर्षे गेली. त्यांच्या शेतावरून झालेली वीज मुंबईला पोचली आणि त्यांच्या घरी रॉकेलची चिमणी! पुढे दिवा आला तेव्हा आजी रिकाम्या खोलीत दिवा दिसला की उठून बंद करायची. आम्ही पोरे हसायचो. ती म्हणायची, “अगं, आपलंच शेत जाळतेस होय?” तेव्हा मला वाटे, म्हातारी कंजूष आहे. टाकीचा हिशेब समजल्यापासून मला ते वाक्य सारखे आठवते.

कोयना सगळ्यांना पुरत नाही, म्हणून कोळसा जाळावा लागतो. त्याचे थोडक्यात सांगते. कोळशाच्या वीजघरात पाण्याची वाफ करून चाक फिरवतात. तिथे कितीही हुशार इंजिनियर असला तरी उष्णतेच्या तीन भागांतला जेमतेम एक, फार तर थोडा अधिक, विजेत उतरतो. बाकीची ऊब त्या मोठ्या धुरांड्यांतून आणि पाणी थंड करणाऱ्या मनोऱ्यांतून निघून जाते. निसर्गाचाच तसा नियम आहे. एका युनिटापायी पाऊण किलोच्या आतबाहेर कोळसा जळतो आणि जवळजवळ किलोभर कार्बनचा वायू हवेत जातो. सूर्याची वीज याहून चांगली, पण ती दिवसा होते आणि आपले दिवे लागतात संध्याकाळी. त्यावर अकोले तालुक्यात घाटघरला एक युक्ती केली आहे, २००८ पासून. खाली एक तळे, वर एक तळे. वीज जास्त असेल तेव्हा पाणी वर चढवायचे, कमी पडेल तेव्हा खाली सोडायचे. चार युनिटे घालावी तेव्हा तीन हाती येतात. उन्हाळ्यात कैऱ्यांचा मोरंबा घालतो तसेच आहे, थोडे आटते पण पावसाळ्यात मिळते.

आता आपल्या हातातले. जुन्या पिवळ्या दिव्याविषयी मी वेळ घेत नाही, तो बहुतेक घरांतून गेला आहे. एवढेच सांगते की पांढरा एलईडी व्हायला निळा प्रकाश देणारा कण हवा होता, तो तीस वर्षे कोणाला साधत नव्हता, आणि ज्या तिघा जपानी जन्माच्या शास्त्रज्ञांनी तो साधला त्यांना २०१४ चे नोबेल मिळाले. दोन मिनिटांना एक ठिपका, तो त्यांच्या पुण्याईने.

पंख्याचे मात्र पुष्कळांना ठाऊक नाही. जुना छताचा पंखा बंद केल्याबरोबर स्टुलावर चढून त्याच्या मधल्या वाटीला हात लावून पाहा. ऊन लागते. ती ऊब म्हणजे तुमची वीज. त्या पंख्याच्या आतल्या फिरत्या भागाला लोहचुंबक करण्यासाठीसुद्धा वीजच खर्च होते. नव्या जातीच्या पंख्यात, ज्याला बीएलडीसी म्हणतात, कायमचे लोहचुंबक आधीच बसवलेले असते आणि एक लहान कार्ड वीज वेळेवर इकडून तिकडे वळवते. पंचाहत्तर वॉटच्या जागी अठ्ठावीस-तीस वॉटमध्ये तेवढाच वारा. मिनिटाला चार ठिपक्यांच्या जागी दीड. २०२३ पासून छताच्या पंख्यांवर तारे लावणे सक्तीचे आहे, तेव्हा घेताना तारे मोजूनच घ्यावे.

इथे आपल्या कार्यकारिणीचा आणि माझा मतभेद आहे, तो उघड सांगते. सभागृहाचे सहाही पंखे बदलायचा ठराव पुढच्या बैठकीत येणार आहे. मी त्याला विरोध करणार. आपले सभागृह दिवसाला दोन-तीन तास उघडते. सहा पंख्यांचे मिळून दिवसाला अर्धे-पाऊण युनिट वाचेल, आणि एकेक पंखा अडीच-तीन हजारांचा. ते पैसे वसूल व्हायला फार वर्षे लागतील. जो जळेल त्याच्या जागी नवा घ्यावा. पण ज्या घरी म्हातारे माणूस दिवसरात्र पंख्याखाली निजलेले असते, ज्या घरी बाळंतीण आहे, त्या घरी तो एक पंखा आधी बदलावा. तिथे दिवसाला अर्धे युनिट कुठेच गेले नाही. मंडळाने बचतगटातून त्यासाठी हप्ते बांधून द्यावे, असा ठराव मी मांडणार आहे. अध्यक्ष बाईंनी मला आताच थांबवू नये.

ज्यांना मीटर मोजायचा असेल त्यांनी फ्रिज आधी बंद करावा, कारण तो मधूनच आपला सुरू होतो आणि हिशेब बिघडवतो. सेकंदकाट्याचे घड्याळ घ्यावे. एकीने घड्याळ पाहावे, दुसरीने ठिपके मोजावे. एकटीला दोन्ही साधत नाही.

त्या मुलीची मी माफी मागितली, पंप उघडला त्याच दिवशी. ती म्हणाली, “असू द्या काकू.” ते ‘असू द्या’ मनापासूनचे नव्हते, आणि कां असावे? चारपाच दिवस गीझर बंदच होता. मग एका सकाळी मी मीटरपाशी उभी असताना ठिपका धावायला लागला, मिनिटाला शंभरावर सात. मी पंधरा मिनिटे तिथेच उभी राहिले. पंधराव्या मिनिटाला तो थांबला, आणि आतून बाळ रडल्याचा आवाज आला. डोक्यावर पाणी घेतले असावे.

ती मुलगी आज इथे आली आहे, तिसऱ्या रांगेत आहे. मीटर कसा मोजायचा ते माझ्यापेक्षा तिला चांगले येते. चहाच्या वेळी तिला विचारावे.